पट्टा चार्ज कुठे करायचा?

‘बंदी रजेवर आल्यास गावात शांतता भंग होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ गेल्या अकरा वर्षांत हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचलंय की कागद हातात आला की नजर आधी त्याच ओळीवर जाते. पोलीस ठाणं वेगळं, तालुका वेगळा, गुन्हा वेगळा, माणूस वेगळा, आणि वाक्य तेच. मी पुण्यातल्या शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करते. विधी सेवेच्या यादीवर माझं नाव आहे. ज्यांना वकील परवडत नाही त्यांची कामं माझ्याकडे येतात, आणि त्यात शिक्षा लागलेल्या बंद्यांच्या, म्हणजे कैद्यांच्या, काही दिवस घरी जाण्याच्या रजेची कामं बरीच असतात.

त्यातलं एक सांगते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावातला, पारधी समाजातला माणूस. भांडणात एक जीव गेला आणि याला जन्मठेप लागली. गुन्हा झाला, शिक्षा झाली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, त्याचीही नाही. आत सात वर्षं काढल्यावर त्याने रजेसाठी अर्ज केला. पोलिसांच्या अहवालात ते नेहमीचं वाक्य होतंच, पण त्याच्या वर आणखी एक होतं: ‘बंद्याचा राहण्याचा ठोस पत्ता नाही.’

म्हणून एका रविवारी मी त्याच्या वस्तीवर गेले. गायरानाच्या कडेला नऊ घरं, पत्र्याची आणि ताडपत्रीची. त्याच्या वहिनीने बाज टाकली, चहा केला. चौकशीला आलेले पोलीसदादा याच बाजेवर बसून चहा घेऊन गेले, असं तिने सांगितलं. म्हणजे घर सापडलं होतं. पण जागा गायरानाची, त्यामुळे सात-बारा नाही, घरपट्टीची पावती नाही, लाईटचं मीटर नाही. जे कागदावर नाही ते ठोस नाही, असा हिशेब झाला. निघताना मी तिचा मोबाईल नंबर मागितला, तर म्हणाली, “ताई, सांजच्याला फोन लावा. दिवसभर तो गिरणीत असतो.” गावातल्या पिठाच्या गिरणीवाल्याकडे ती सकाळी मोबाईल चार्जिंगला ठेवते आणि संध्याकाळी मजुरीवरून परतताना घेते.

ही गिरणी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे कायदा बदलतो आहे. आपली कारागृहं आजवर १८९४ च्या इंग्रजांच्या कायद्यावर चालत आली. कारागृह हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे राज्याचा विषय. केंद्र फार तर नमुना घालून देऊ शकतं. तसा ‘नमुना कारागृहे व सुधारसेवा कायदा’ केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२३ मध्ये राज्यांना पाठवला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपल्या सरकारने महाराष्ट्रासाठी कारागृहे व सुधारसेवा विधेयक मांडलं. नावात ‘सुधारसेवा’ हा शब्द आला याचं मला मनापासून बरं वाटलं. खुली कारागृहं, महिलांसाठी वेगळी सोय, तरुण बंद्यांसाठी वेगळी सोय, हे सगळं हवंच आहे. पण असल्या कायद्यात काय चांगलं आणि काय वाईट, हे कलमांच्या मथळ्यांवरून कळत नाही. ते कळतं नियमांवरून. रजा कुणाला, किती दिवसांत, कुणाच्या शिफारशीने, कुठल्या अटींवर, आणि बाहेर असताना त्या माणसावर लक्ष ठेवणार कोण, हे नियम ठरवतात. विधिमंडळातलं भाषण संपल्यावर कुणीतरी कक्ष अधिकारी हे नियम लिहायला बसतो, आणि तेव्हा आपल्यापैकी कुणाचंच तिकडे लक्ष नसतं. म्हणून आत्ता बोलायला हवं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की रजेवरच्या किंवा सुटलेल्या माणसावर लक्ष ठेवण्याचं काम माणसाने करावं. ते पायात बांधायच्या, माग काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्ट्यावर सोडू नये आणि पोलीस ठाण्याच्या हजेरीवरही सोडू नये.

आधी रजांबद्दल, कारण बाहेर सगळ्यालाच पॅरोल म्हणतात. आत दोन शब्द आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगली, वागणूक चांगली राहिली की ती मागता येते. वेगळं कारण द्यावं लागत नाही आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातलं आजारपण, मृत्यू, लग्न अशा प्रसंगांसाठी. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, पुढे भरून द्यावे लागतात. दोन्ही रजा अनेक दशकं १९५९ च्या नियमांनी चालत आल्या. त्या नियमांत संचित रजेचा निर्णय कारागृह उपमहानिरीक्षकांकडे, नेहमीच्या पॅरोलचा विभागीय आयुक्तांकडे. पण कुठलाही अर्ज असो, त्याची वाट गावाकडच्या पोलीस ठाण्यावरून जाते आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

ही रजा म्हणजे शिक्षेत दिलेली सूट, असं ज्यांना वाटतं त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा अशफाक प्रकरणातला निकाल वाचावा. शिक्षा भोगणाऱ्याचं घराशी आणि समाजाशी नातं टिकावं, उद्या तो बाहेर येणारच आहे तेव्हा माणसांत राहण्याजोगा राहावा, हा रजेचा हेतू न्यायालयाने सांगितला आहे. २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने संचित रजा हा निरपवाद हक्क नाही असंही म्हटलं. तेही मला मान्य आहे. एखाद्याला रजा नाकारावी लागते, माझ्याच पक्षकारांपैकी दोघांना नाकारली गेली तेव्हा ती योग्यच नाकारली होती. पण नाकारायची तर त्या माणसाबद्दलचं कारण लिहून नाकारा. सगळ्या तालुक्यांत फिरणारं एकच वाक्य हे कारण होऊ शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये एका बंद्याला मुलाला परदेशी शिक्षणासाठी निरोप देता यावा म्हणून पॅरोल दिला. दुःखाच्या प्रसंगी रजा मिळते तर आनंदाच्या प्रसंगी का मिळू नये, असा त्यामागचा विचार होता. तो आदेश वाचून मला त्या दिवशी खूप हलकं वाटलं होतं. पण उच्च न्यायालयापर्यंत पोचतात किती जण?

पुणेकरांना हा विषय नवा नाही. २०१३ ते २०१६ या काळात अभिनेता संजय दत्त येरवड्यात शिक्षा भोगत होता तेव्हा त्याच्या रजांवरून केवढा गदारोळ झाला होता. तेव्हाही मला वाटायचं की राग चुकीच्या जागी जातो आहे. त्याला रजा मिळाली यात बिघडलं काय? नियमात बसत होती, तो गेला आणि परत आला. विचारायचं होतं ते हे की त्याच भिंतीआडच्या इतर बंद्यांचे कागद तेवढ्या वेगाने का हलत नाहीत. तो प्रश्न विरून गेला. लोकांच्या मनात राहिलं एवढंच की पॅरोल म्हणजे बड्यांची चैन.

आता पट्ट्याकडे येते. केंद्राच्या नमुना कायद्यातलं २९ वं कलम म्हणतं की बंदी माग काढणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र अंगावर बाळगायला राजी असेल तर त्या अटीवर त्याला रजा देता येईल. अट मोडली तर रजा रद्द आणि पुढच्या रजाही बंद. वाचायला हे सरळ वाटतं. गर्दी कमी होईल, पोलिसांचा ताण वाचेल, माणूस घरी जाईल. माझ्या काही वकील मित्रांनाही हे पटतं. त्यांचं म्हणणं, ‘आत बसण्यापेक्षा पट्टा बरा.’ ज्याला रजाच मिळत नाही त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर तेही खरं आहे, आणि म्हणूनच त्या ‘राजी असेल’ या शब्दांवर माझा विश्वास बसत नाही. सात वर्षं आत काढलेल्या, म्हाताऱ्या आईला शेवटचं बघायला निघालेल्या माणसाला कुणी विचारलं की पट्टा बांधतोस का, तर तो कशालाही हो म्हणेल. त्याला संमती म्हणता येत नाही.

शिवाय हा पट्टा उद्या कुणाच्या पायात जाईल? जम्मू-काश्मीर पोलिसांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या पायात तो बांधला, देशात पहिल्यांदाच. तो आरोपी होता, शिक्षा लागलेला बंदी नव्हता. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्रँक व्हायटस प्रकरणात सांगितलं की जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही. गुगल नकाशावर आपलं ठिकाण तपास अधिकाऱ्याला दाखवत राहण्याची अट न्यायालयाने रद्द केली. कारण घटनेच्या २१ व्या कलमातलं खासगी जगणं. तो निकाल जामिनाबद्दल आहे, शिक्षेबद्दल नाही, हे मला कळतं. तरी रजेवरचा माणूस घरी आलेला असतो, बायकोमुलांत असतो. त्याच्या पट्ट्याबरोबर त्याच्या घराचाही माग निघतो, आणि त्या घराने कुठलाच गुन्हा केलेला नसतो.

आणि आता ती गिरणी. असले पट्टे रोज चार्ज करावे लागतात. बॅटरी उतरली की पडद्यावरचा ठिपका जातो, आणि ठिपका गेला की अट मोडली. माझ्या त्या पक्षकाराच्या वस्तीवर मीटर नाही. मोबाईल गिरणीत ठेवून कामाला जाता येतं, पाय ठेवून जाता येत नाही. म्हणजे त्याने रोज दोन-तीन तास गिरणीच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, भिंतीतल्या खटक्याला पायाने जोडून घेऊन बसायचं. दळण घेऊन आलेली पोरंटोरं बघणार. कोण आहे, काय केलं होतं, सगळं नव्याने उजळणार. ज्या रजेचा हेतू माणूस गावात मिसळावा हा, त्या रजेत त्याला रोज गावासमोर बांधून बसवायचं. आणि एखाद्या दिवशी लोडशेडिंग झालं तर? ‘पुढच्या रजाही बंद’ हे कलम तयारच आहे. पुण्यात, सदनिकेत, बिछान्याशेजारी खटका असलेल्या बंद्याला या अटीचा काहीच त्रास नाही. एकच अट, पण एकाला ती कागदावरची ओळ आणि दुसऱ्याला रोजची शिक्षा. अमेरिकेत हे पट्टे अनेक वर्षं वापरात आहेत. तिथे बऱ्याच ठिकाणी पट्ट्याचं भाडं त्या माणसाकडूनच घेतलं जातं, आणि नवा गुन्हा न करताही केवळ अट चुकली म्हणून माणसं परत तुरुंगात जातात. तो अनुभव डोळ्यांसमोर असताना आपण त्याच वाटेने का जायचं?

पारधी वस्तीचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं. माग काढणं ही गोष्ट या समाजाला नवी नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, १९११ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाला आणि पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. गावोगाव त्यांची हजेरी घेतली जायची. गाव सोडायचं तर दाखला, परगावी पोचलं की तिथे पुन्हा हजेरी. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत केली. तो भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण १९५९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी रजेचे नियम आले त्याच वर्षी, मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला, आणि जातीचं नाव गेलं तरी संशय तिथेच राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला निकाल दिला. राज्याराज्यांच्या कारागृह नियमावल्यांत जातीवरून कामं वाटण्याच्या आणि विमुक्त जमातींना सराईत धरण्याच्या तरतुदी तोवर जिवंत होत्या. न्यायालयाने त्या घटनाबाह्य ठरवल्या. हा निकाल फक्त आतल्या झाडूपुरता आणि भटारखान्यापुरता वाचू नये. रजेच्या अहवालात ‘ठोस पत्ता नाही’ असं लिहिलं जातं तेव्हा जात न लिहिताही जात लिहिली जाते. आणि ज्यांच्या आजोबांनी पाटलाकडे हजेरी दिली, त्यांच्या नातवाच्या पायात उपग्रहाची हजेरी बांधताना आपण काय करतो आहोत हे निदान कळायला हवं.

या सगळ्यावर समोरून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. २०१६ मध्ये नाशिकच्या कारागृहातून पॅरोलवर सुटलेला, मुंबईत एका तरुण वकील मुलीच्या खुनात जन्मठेप लागलेला माणूस फरारी झाला. पुन्हा सापडायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला. त्या मुलीच्या घरच्यांनी ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार केला की माझेही शब्द अडखळतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटच्या आगारात, पहाटे, उभ्या एसटीत एका तरुणीवर बलात्कार झाला. पकडलेल्या आरोपीवर आधीचे गुन्हे होते आणि तो जामिनावर बाहेर होता, हे कळल्यावर सगळं शहर पेटून उठलं. त्या आठवड्यात मीही रात्री रिक्षात बसताना मागे वळून बघत होते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला आलिशान गाडीखाली दोन तरुण जीव गेले आणि अल्पवयीन चालकाला पहिल्यांदा जामीन मिळाला तेव्हा अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. त्या निबंधाने पुण्याच्या मनात ‘अट’ या शब्दाचीच किंमत घालवली. अशा शहरात कैद्याच्या रजेची बाजू मांडायची म्हणजे लोकांच्या भीतीला उत्तर द्यावंच लागतं.

माझं उत्तर असं. नाशिकच्या त्या प्रकरणानंतर नियम आवळले गेले, ते सगळ्यांसाठी. सुक्याबरोबर ओलंही जळलं. पण त्या प्रकरणातून जो धडा घ्यायला हवा होता तो वेगळा होता: रजा देताना त्या एका माणसाची नीट पारख झाली होती का, आणि तो बाहेर असताना त्याच्या संपर्कात कोण होतं? स्वारगेटच्या प्रकरणात तर पॅरोल कुठेच नव्हता. माणूस जामिनावर होता, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवण्याचं काम आधीच पोलीस ठाण्याकडे होतं. त्यावर उपाय म्हणून शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांच्या रजा आवळायच्या म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आणि ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याचा विचार आजच्या पद्धतीत कुठे होतो? पोलीस अहवालात फिर्यादीचा विरोध असल्याचं वाक्य घातलं जातं, बस्स. माझ्या पाहण्यातल्या एका प्रकरणात फिर्यादी बाईंना आरोपी गावात आल्याचं बाजारात कळलं, भाजी घेताना. तिथून त्या घरी कशा परतल्या हे मला सांगताना त्यांचे हात थरथरत होते. हे थांबायलाच हवं. रजा मंजूर झाली की बंदी घरी पोचण्याआधी पीडिताच्या घरी कळलं पाहिजे, भीती वाटली तर कुणाला फोन करायचा तो नंबर त्यांच्या हातात पाहिजे, आणि गरज असेल तिथे बंद्याने त्या गावात न जाता दुसऱ्या नातेवाइकाकडे रजा काढावी अशी अट घातली पाहिजे. यातलं काहीच पट्टा करू शकत नाही. पट्टा फार तर सांगेल की तो कुठे आहे. तो कुठल्या मनःस्थितीत आहे, दारू सुरू झाली का, घरात भांडण पेटलं का, जुन्या टोळीतलं कुणी येऊन बसतंय का, हे शेजारी बसून विचारणाऱ्या माणसालाच कळतं.

असा माणूस आपल्या कायद्यात आहे. १९५८ च्या परिविक्षा कायद्यापासून आहे. परिविक्षा अधिकारी हे त्याचं पद. न्यायालयाने चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यावर देखरेख ठेवायची, त्याला कामधंद्याला लावायला मदत करायची, न्यायालयाला अहवाल द्यायचा. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बालविकास विभागाखाली येतात आणि त्यांच्याकडे बालन्यायाचंही काम असतं. एकाच माणसाने निरीक्षणगृहातली मुलंही बघायची, गृहभेटीही करायच्या, न्यायालयाचे अहवालही लिहायचे. मी ज्यांना ओळखते ते जीव तोडून काम करतात, आणि तरी महिनोन् महिने त्यांना एका घरी दुसऱ्यांदा जायला मिळत नाही. शिक्षा भोगून रजेवर आलेल्या बंद्यांपर्यंत ते पोचतच नाहीत, कारण रजा हा गृह विभागाचा कारभार.

योगायोग बघा. राज्याच्या कारागृह महानिरीक्षकांचं कार्यालय पुण्यात आहे. महिला व बालविकास आयुक्तालयही पुण्यातच आहे. कैदी ज्यांच्या ताब्यात आणि देखरेख करणारे ज्यांच्या हाताखाली, अशी दोन्ही मुख्यालयं एका शहरात आहेत. नव्या कायद्यात या दोघांना जोडणारा एक पूल बांधा: रजेवर जाणाऱ्या प्रत्येक बंद्यामागे एक देखरेख अधिकारी, पोलिसांबाहेरचा, समाजकार्याचं शिक्षण घेतलेला. पुण्यात समाजकार्याची महाविद्यालयं आहेत, दरवर्षी पदव्या घेऊन बाहेर पडणारी मुलंमुली आहेत आणि त्यातली कितीतरी कंत्राटी कामांवर दिवस काढतात. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून बंद्यांबरोबर आणि सुटलेल्यांबरोबर समाजकार्यकर्त्यांमार्फत काम करतो आहे, म्हणजे अनुभवही याच राज्यात आहे. पट्टे विकत घ्यायला, त्यांचं नियंत्रण कक्ष चालवायला पैसा लागणारच. तोच या पदांवर खर्च करा, असं माझं मागणं आहे.

विश्वास टाकून माणूस परत येतो का, हा प्रश्नही महाराष्ट्राने केव्हाच सोडवलाय. औंध संस्थानच्या राजांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत काढली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय, पुढे तर बायकामुलांसह, शेती करत राहिले. ती खुली वसाहत आजही आहे. इथे येरवड्यातही मुख्य भिंतीपलीकडे खुलं कारागृह आहे, शेतात काम करणारे बंदी आहेत. आणि अलीकडचं बघायचं तर १ मे २०२२ ला येरवड्यातच ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू झाली. राज्य सहकारी बँक शिक्षा भोगणाऱ्या बंद्याला ७ टक्के व्याजाने ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते, तारण नाही, जामीनदार नाही, आतल्या मजुरीतून फेड. ही बातमी वाचली तेव्हा मी ती कापून फायलीला लावून ठेवली. बँक ज्या माणसावर जामीनदाराशिवाय पन्नास हजारांचा भरवसा टाकते, त्याच माणसाला तीन आठवडे घरी जायला दोन जामीनदार आणि सॉल्व्हन्सीचा, म्हणजे ऐपतीचा, दाखला मागताना आपल्याला काहीच खटकत नाही?

नियमांत मला काय हवंय ते एव्हाना बरंचसं आलंच आहे. आणखी दोन गोष्टी. अर्जाला मुदत हवी. पोलिसांचा अहवाल ठरलेल्या दिवसांत आला नाही तर त्याची वाट न बघता, कारागृहातली वागणूक आणि देखरेख अधिकाऱ्याची गृहभेट यांवर निर्णय व्हावा. आई गेल्यावर दोन महिन्यांनी मंजूर झालेला पॅरोल मी पाहिला आहे. त्या कागदाचं त्या माणसाने काय करायचं? दुसरं, पट्टा ठेवायचाच असेल तर तो सरसकट नको. विशिष्ट माणसापासून विशिष्ट धोका आहे असं न्यायालयाला पटलं, तर न्यायालयाच्या लेखी आदेशाने, ठरावीक दिवसांसाठी, आणि सगळा खर्च सरकारचा. तांत्रिक चुकीसाठी रजा रद्द करण्याआधी त्याला विचारलं गेलंच पाहिजे.

कच्च्या कैद्यांचा विषय इथे सविस्तर मांडता येणार नाही, पण तो सोडूनही चालणार नाही. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीला पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यातले दर चारांमागे तीन जण खटला चालू असलेले. येरवड्याची क्षमता अडीच हजारांच्या आसपास आणि आत दुपटीहून जास्त. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतल्या ४७९ व्या कलमाने पहिल्यांदा गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याला, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की, सोडायची सोय केली आहे. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले असले तरी अडते. पण जेवढ्यांना लागू आहे तेवढ्यांना सोडून गर्दी थोडी ओसरली तरी रजेचे कागद बघायला कारागृहातल्या अधिकाऱ्यांना उसंत मिळेल. आज बरॅकमध्ये पाय पसरायला जागा नाही आणि टेबलावर कागद ठेवायला.

माझ्या त्या पक्षकाराचं काय झालं ते सांगते. उच्च न्यायालयात रिट केली आणि त्याला २१ दिवसांची संचित रजा मिळाली. अट होती रोज पोलीस ठाण्यात हजेरीची. ठाणं वस्तीपासून नऊ किलोमीटर. त्या रस्त्याला एसटी दिवसातून दोनदाच, म्हणून तो चालत जायचा आणि चालत यायचा. कांद्याची काढणी चालू होती, भावाबरोबर मजुरीला जावं असं त्याच्या फार मनात होतं, पण हजेरी करून परत येईस्तोवर अर्धा दिवस गेलेला असायचा. सही करायला तो आतच शिकला होता, साक्षरतेच्या वर्गात. ठाण्याच्या वहीत त्याने रोज पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मुदत संपायची होती दुपारी. तो सकाळी साडेआठलाच येरवड्याच्या फाटकाशी उभा होता. वहिनी सोडायला आली होती. तिने मला तिथूनच फोन केला, बॅटरी संपत आलीय म्हणून घाईघाईत.

यंदा त्याने पुन्हा अर्ज केलाय. अहवाल मागच्या आठवड्यात माझ्या हातात आला. ज्या ठाण्याच्या वहीत त्याच्या एकवीस सह्या आहेत त्याच ठाण्याचा. शांतता भंगाचं वाक्य आहे, आणि त्याच्या वर, तारीख तेवढी बदलून: ‘बंद्याचा राहण्याचा ठोस पत्ता नाही.’